फेडरल काळातलं खणांचं कपाट: घ्यावं का, आणि पॉलिश उतरवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बोस्टनच्या उत्तरेला एका घरातलं सामान विक्रीला निघालंय. त्यात चार खणांचं, पुढून धनुष्यासारखी फुगीर दर्शनी बाजू असलेलं महोगनीचं कपाट आहे. विकणारा म्हणतो, ‘फेडरल, १८०० च्या आसपासचं, बहुधा सीमोर यांच्या कारखान्यातलं’, आणि १,८०० डॉलर मागतोय. कड्यांच्या पितळी पट्ट्यांवर गरुड आहे, खणांच्या कडेनं फिकट लाकडाची बारीक रेघ आहे, मागचा एक पाय बाकीच्यांपेक्षा फिका दिसतो आणि दुसऱ्या खणाच्या कोपऱ्याचं व्हिनियर (वर चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पातळ थर) सुटलंय. ते घ्यावं का, आणि घेतलं तर सगळं पॉलिश उतरवून नवं करावं का, कारण वर गणपती बसवायचा विचार आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे घाईत काही होऊन जायला नको: पॉलिश उतरवू नका. कारण पुढे सांगतो.

पहिल्याचं उत्तर मात्र तुम्ही पाठवलेल्या चार फोटोंवरून देता येत नाही, कारण चारही समोरून काढलेत. समोरची बाजू दाखवण्यासाठीच केलेली असते आणि दुरुस्त करणाऱ्यानंही तिलाच सगळ्यात जास्त जपलेलं असतं. शिवाय ‘हे जुनं आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. अशा बहुतेक कपाटांत काही ना काही जुनं असतंच. विचारायचं ते असं, की यातलं किती एका हातानं, एका वेळी केलेलं आहे, आणि त्यानंतर काय काय बदललं गेलंय. किंमत त्यावरच ठरते.

फेडरल हे नाव अमेरिकी संघराज्यावरून आलं. नवी राज्यघटना १७८९ मध्ये अमलात आली आणि साधारण १७९० ते १८२० या काळातल्या कामाला हे नाव चिकटलं. इंग्लंडची सत्ता झुगारली, पण फर्निचरची आवड तिकडूनच येत राहिली. इंग्रज फर्निचरकार हेपलव्हाइट यांचं नमुन्यांचं पुस्तक लंडनमध्ये १७८८ ला निघालं, शेरेटन यांचं १७९१ पासून भागाभागानं. बोस्टन, सेलम, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर इथले कारागीर त्या वळणावर काम करू लागले. त्याआधी भरघोस कोरीव काम आणि गोळा धरलेल्या पंज्यांचे पाय चालायचे. आता सपाट अंग, सुंदर रेषांचं व्हिनियर, जडावाच्या (एका लाकडात दुसरं लाकूड बसवून केलेल्या) बारीक रेघा आणि सडपातळ पाय आले. म्हणजे या फर्निचरची सगळी शोभा वरच्या दीड-दोन मिलिमीटरमध्ये आहे. पॉलिशचा विषय निघेल तेव्हा हे लक्षात ठेवा.

आता बघायला जाल तेव्हा टॉर्च, मोजपट्टी, एक भिंग आणि जुनी चादर न्या. विकणाऱ्याला आधीच सांगा की कपाट भिंतीपासून पुढे ओढून खण बाहेर काढायचे आहेत. यालाच तो नाही म्हणाला तर तिथेच विषय संपवा.

सुरुवात पाठीमागून करा. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे बोस्टनच्या आसपासच्या ईशान्येकडच्या राज्यांतल्या, कपाटाची पाठ बहुधा पांढऱ्या पाइनच्या रुंद, आडव्या फळ्यांची असते. तिला कोणी पॉलिश लावत नसे, रंगही नाही. दोनशे वर्षं हवा लागून ती आपोआप मधासारखी तपकिरी होते, तीही एकसारखी नाही: फटींजवळ गडद, खिळ्यांभोवती गंजाचे काळे डाग. सगळी पाठ एकाच चॉकलेटी रंगात दिसली तर कोणीतरी नवी फळी लपवायला रंग फासलाय असं समजून चाला. टॉर्च फळीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा. हातरंध्याचं पातं किंचित गोलसर घासलेलं असे, त्यामुळे फळीवर उथळ पन्हळी उरतात. त्या आडव्या उजेडात दिसतात आणि बोटांच्या टोकांना लाटांसारख्या लागतात. करवतीच्या खुणा राहिल्या असतील तर त्या सरळ, एकमेकींना समांतर हव्यात, कारण तेव्हा करवत वरखाली चालायची, मग ती माणसांची असो की पाणचक्कीची. कमानदार खुणा दिसल्या तर ती फळी गोल करवतीची, म्हणजे बहुतेक १८३० नंतरची.

मग चारही खण काढून चादरीवर ओळीनं मांडा. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, अर्धा तास गेला तरी चालेल. खणाची पुढची फळी आणि बाजूच्या फळ्या ज्या दातेरी सांध्यानं जोडल्यात त्याला डव्हटेल म्हणतात. हातानं कापलेल्यात दात कमीजास्त रुंद असतात, कोन थोडे वेगळे असतात, आणि दातांच्या मुळाशी आखणीच्या टोकदार हत्यारानं ओढलेली बारीक रेघ दिसते. कुठे कुठे करवत त्या रेघेच्या पुढे गेलेलीही दिसेल. सगळे दात साच्यातून काढल्यासारखे सारखे असतील तर ते यंत्राचं काम. अर्धगोल आणि त्यात गोल खुंटी असा सांधा दिसला तर तो १८७० ते १९०० च्या दरम्यानचा. उलट बाजूही ध्यानात असू द्या: चांगले कारागीर नंतरही हातानं डव्हटेल कापत राहिले, त्यामुळे हाताचे दात दिसले म्हणून १८०० चं असं होत नाही. बघायचं ते असं, की चारही खणांत एकाच माणसाचा हात दिसतो का. तेच कोन, तीच दातांची संख्या, तीच आखणी. तीन खण सारखे आणि एक वेगळा असेल, तर तो एक नंतरचा.

खण उलटा करा. तळाची फळी कडेला उतरती तासून पुढच्या आणि बाजूच्या खाचांत सरकवलेली असते आणि मागच्या बाजूला दोन-तीन खिळ्यांनी अडकवलेली असते, चिकटवलेली नसते. पाइन आडव्या दिशेनं आकसतं. फळीची रेष (लाकडाचे तंतू जातात ती दिशा) डावीकडून उजवीकडे असेल तर आकसून तिची पुढची कड खाचेतून बाहेर येते आणि खणाच्या पुढच्या बाजूला फट दिसते. पुष्कळ लोक ही फट बघून खण ‘खराब’ समजतात. मला ती दिसली की बरं वाटतं, कारण दोनशे वर्षांचं आकसणं असं कोणाला मुद्दाम सहज करता येत नाही. दुरुस्तीही सोपी आहे: मागचे खिळे हलक्या हातानं काढायचे, फळी पुढे सरकवायची, खिळे परत मारायचे. मागे उघडी पडलेली फिकट पट्टी तशीच राहू द्यायची. ती पट्टी फिकट असणं हाही पुरावाच आहे, कारण तेवढ्या भागाला हवा लागलेली नव्हती.

बाजूच्या फळ्यांची खालची कड बघा. खण हजारो वेळा आत-बाहेर झाला की ती झिजते, मागच्या बाजूला जास्त. आणि ती ज्या पट्टीवर घसरते त्या आतल्या पट्टीवर नेमकी तिला जुळणारी खाच पडते. खण झिजलेला आणि आतली पट्टी कोरी, किंवा उलट, असं असेल तर दोघांपैकी एक बाहेरून आलाय. झिजलेल्या कडेला नवी पट्टी जोडलेली असेल तर ती प्रामाणिक दुरुस्ती असते. तिच्यामुळे मी कपाट नाकारत नाही.

आणखी एक खूण फार कमी लोक तपासतात. कपाटाच्या बाजूच्या फळ्यांची रेष उभी असते, म्हणून त्या पुढून मागे आकसतात. खणाच्या बाजूची रेष पुढून मागे जाते, ती लांबीत आकसत नाही. परिणाम असा, की वीसेक इंच खोलीचं कपाट काही मिलिमीटर उथळ झालेलं असतं आणि खण आहे तेवढाच राहतो. खण पूर्ण ढकलल्यावर पाठीला टेकून किंचित पुढे राहत असतील किंवा बाजूच्या फळीला उभी चीर गेली असेल, तर त्यामागे हेच कारण असतं. ही चीर बघून भाव कमी मागा, पण घाबरू नका.

आता खाली वाका. तुमच्या फोटोतले पाय बाहेर हलकेच वळलेले आहेत, त्यांना फ्रेंच पाय म्हणतात. दिसायला देखणे पण नाजूक: कपाट ओढलं की मोडतात. म्हणून या जातीच्या कपाटात पाय बदललेले असणं अगदी नेहमीचं आहे. पायाच्या आतल्या बाजूला सरसानं चिकटवलेले लाकडी ठोकळे असतात. ते पाठीच्याच रंगाचे, धुळकट, कडा बोथट झालेले हवेत. एखादा ठोकळा गळून पडला असेल तर तिथे फिकट चौकोन आणि सुकलेल्या सरसाचे तपकिरी पापुद्रे दिसतील. तुम्ही म्हणता तो फिका पाय नवा असण्याची शक्यता मोठी आहे. त्याच्या आत ताजं लाकूड, पांढरा किंवा पिवळट गोंद आणि एकसारखा लावलेला रंग दिसेल. मागचा एक पाय बदललेला असेल तर दहा-पंधरा टक्के सवलत मागायला ते पुरेसं कारण आहे. समोरचे दोन्ही पाय आणि त्यांच्यामधली वळणदार पट्टी असं सगळंच नवं असेल तर मात्र त्या कपाटाचा तोलच नवा आहे, आणि तिथे मी हात आखडता घेतो.

कड्यांवरच्या गरुडाबद्दल. १७८२ मध्ये अमेरिकेनं आपल्या राजमुद्रेवर गरुड घेतला आणि पुढे तो आरसे, घड्याळं, कड्या, जडाव सगळीकडे आला. पातळ पत्र्यावर ठसा उठवलेल्या अशा अंडाकृती पट्ट्या बहुतेक इंग्लंडच्या बर्मिंगहॅमहून येत. पण नंतरच्या काळात त्यांच्या नकलाही ढिगानं निघाल्या, म्हणून गरुड दिसला यावरून काहीच सिद्ध होत नाही. खणाच्या पुढच्या फळीच्या आतल्या बाजूला बघा. प्रत्येक कडीला दोनच भोकं हवीत. जास्तीची भोकं बुजवलेली दिसली तर कड्या बदलल्यात. शक्य असेल तर एक कडी सोडवून पट्टीखालचं लाकूड बघा: मूळ असेल तर तिथे तिच्याच आकाराची गडद-फिकी सावली असते. बदललेल्या कड्या म्हणजे छोटा दोष. सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट.

खिळे आणि स्क्रू वेळ सांगतात, पण त्यांच्यावर एकट्यांवर विसंबू नका, कारण ते कोणीही कधीही बदलू शकतो. लोहारानं ठोकलेला खिळा चारही बाजूंनी निमुळता. १७९० च्या दशकापासून पत्र्यातून कापलेले खिळे आले, ते दोनच बाजूंनी निमुळते असतात. त्यांचं डोकं सुरुवातीला हातानं ठोकलेलं आणि साधारण १८१५ नंतर यंत्राचं. गोल तारेचा खिळा १८८० नंतरचा धरा. जुन्या स्क्रूला टोक नसतं, तो खाली बोथट असतो आणि डोक्यावरची खाच बरेचदा मध्यावर नसते. टोकदार स्क्रू १८४० च्या दशकाच्या अखेरपासून. अधिक चिन्हाची खाच दिसली तर तो स्क्रू १९३० च्या दशकाच्या आधीचा असूच शकत नाही. एखादा नवा स्क्रू चालतो. सगळेच नवे आणि त्यांची भोकंही कोरी असतील तर चालत नाही.

लाकूड कुठलं, यावरून गाव कळतं. वरचं महोगनी वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेतून सगळीकडेच जायचं, त्यावरून काही कळत नाही. आतलं लाकूड मात्र कारागीर जवळचं वापरी. बोस्टन-सेलमकडे पांढरं पाइन: हलकं, मऊ, नखानं खूण उठते. न्यूयॉर्कपासून दक्षिणेकडे ट्यूलिप पॉप्लर, ज्यात हिरवट छटा असते. आणखी दक्षिणेला पिवळं पाइन, जड आणि पट्ट्यापट्ट्यांचं. ऱ्होड आयलंडकडे चेस्टनट बऱ्याचदा. खणांच्या बाजू पातळ ओकच्या असतील आणि दोन खणांच्या मध्ये पूर्ण फळी असेल तर कपाट बहुधा इंग्लंडचं आहे. तिकडून नंतरच्या काळात असा माल भरपूर आला. ते वाईट नसतं, पण त्याला अमेरिकी कामाचा भाव द्यायचा नाही. एक अडचण: युरोपातलं पाइन आणि अमेरिकेतलं पांढरं पाइन नुसत्या डोळ्यांना सारखंच वाटू शकतं. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र पक्कं सांगता येतं, कारण युरोपातल्या पाइनच्या किरणपेशींच्या भिंती आतून दातेरी असतात आणि अमेरिकेतल्या पांढऱ्याच्या गुळगुळीत. १,८०० डॉलरच्या वस्तूसाठी ही तपासणी मी करायला सांगणार नाही.

नंतरच्या नकला हाही मोठा वर्ग आहे. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला स्वातंत्र्याच्या शंभरीचं प्रदर्शन भरलं, त्यानंतर जुन्या धाटणीची हौस वाढली आणि १९४० पर्यंत अशी कपाटं मोठ्या संख्येनं तयार झाली. त्यांच्यात व्हिनियर कागदासारखं पातळ, एक मिलिमीटरच्याही आत असतं, कारण ते करवतीनं न कापता पात्यानं सोललेलं असतं. तळाला किंवा पाठीला प्लायवुड असेल तर ते विसाव्या शतकातलं. तुमच्या कपाटात व्हिनियरचा कोपरा सुटलाय ना? तोच भिंगाखाली बघा, जाडी तिथे उघडी पडलेली आहे. दीड मिलिमीटरच्या आसपास असेल तर चांगली बातमी. तिथेच खालचा गाभाही दिसेल. फुगीर पुढची फळी एका जाड पाइनमधून कापलेली असते किंवा दोन-तीन थर एकावर एक चिकटवून केलेली असते.

आणि हो, समोरून एक गोष्ट नक्की बघा: चारही खणांवरच्या व्हिनियरच्या रेषा. चांगला कारागीर एकाच ओंडक्यातले लागोपाठचे तुकडे वापरी, त्यामुळे वरच्या खणावरची लाट खालच्या खणात पुढे चालू राहिल्यासारखी दिसते. एकाच खणावर ती तुटत असेल तर ते व्हिनियर नंतर बसवलंय.

सीमोर या नावाला एक डॉलरही जास्त देऊ नका. जॉन सीमोर आणि त्यांचा मुलगा थॉमस इंग्लंडच्या ॲक्समिन्स्टरहून १७८४ मध्ये मेनमधल्या पोर्टलंडला आणि १७९३ मध्ये बोस्टनला आले. त्यांचं काम अतिशय रेखीव होतं, म्हणूनच न्यू इंग्लंडमधलं जरा बरं काही दिसलं की त्यांचं नाव लावायची पद्धत पडली. न्यूयॉर्कमध्ये हेच तिथले कारागीर डंकन फाइफ यांच्या नावाचं झालं. पण त्या काळात मजुरीचे दर छापील पुस्तकांतून ठरत होते, न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियात १७९० च्या दशकात अशी दरपुस्तकं निघाली. कपाटाला कशाचे किती, जास्तीच्या जडावाचे किती, हे त्यात लिहिलेलं असे. कारागीर एका कारखान्यातून दुसऱ्यात जात. जडावाचे तयार तुकडे विकत मिळत. त्यामुळे सारखी नक्षी म्हणजे सारखा कर्ता असं होत नाही. कागदी लेबल, सही किंवा पावती असेल तर बोलू, नाहीतर ‘बोस्टन किंवा सेलम परिसर’ एवढंच म्हणावं, आणि तेही काही कमी नाही. त्या काळात सेलमची जहाजं मुंबई, मद्रास, कलकत्त्यापर्यंत जात होती, तिथल्या कप्तानांनी १७९९ मध्ये ईस्ट इंडिया मरीन सोसायटी काढली, आणि त्या व्यापाराच्या पैशातून तिथल्या घरांत असलं फर्निचर आलं. डोळा तयार करायचा असेल तर बोस्टनचं कलासंग्रहालय तुम्हाला जवळ आहे. सवड काढून डेलावेअरला विंटरथर संग्रहालय बघा.

किमतीचं परिस्थितीवर अवलंबून आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गडद लाकडाच्या जुन्या फर्निचरचे भाव बरेच उतरलेत आणि साधी फुगीर कपाटं लिलावात हजार डॉलरच्या आतही जातात. पाठ, खण, वरची फळी, समोरचे पाय सगळं मूळ असेल आणि फक्त मागचा एक पाय नवा असेल तर माझ्या मते १,४०० ते १,५०० योग्य. पायांचा पूर्ण संच नवा किंवा वरची फळी बदललेली असेल तर त्याच्या निम्म्यापर्यंत. वरची फळी तपासायला सगळ्यात वरचा खण काढून आतून वर बघा: ती खालून स्क्रूंनी धरलेली असते, आणि न वापरलेली जुनी भोकं दिसली तर ती दुसरीकडून आलीय. नक्कल असेल तर वापरायला उत्तम, पण भाव साध्या जुन्या फर्निचरचा.

आता पॉलिश. आपल्याकडे घराला रंग काढला की सागवानी कपाटालाही पॉलिशपेपर मारून चपड्याचा (लाखेच्या पॉलिशचा) नवा हात द्यायची सवय आहे, आणि भरीव सागवानाला ते सोसतं. इथे मात्र वरचं व्हिनियर मुळात दीड-दोन मिलिमीटर, दोनशे वर्षांत घासून कदाचित एकच उरलेलं. पॉलिशपेपरनं आधी कडा जातात, मग जडावाची फिकट रेघ, मग गाभ्याचं पाइन डोकावतं. हे परत भरून येत नाही. शिवाय उजेड आणि हवेनं महोगनीच्या वरच्या थराला जो रंग चढलाय तो बाटलीतून मिळत नाही, आणि घेणारे पैसे देतात ते त्यालाच. मूळचं रोगण अजून शाबूत असलेली कपाटं थोडी आहेत. बहुतेकांवर नंतर चपडा चढवलेला असतो. फ्रेंच पॉलिशची, म्हणजे चपड्याचे पातळ थर चढवायची, पद्धत अमेरिकेत १८२० च्या दशकापासून रुजली, आणि त्यासाठी लागणारी लाख जायची ती आपल्याकडूनच. तुमच्या कपाटावरही तेच असावं. खात्री करायला बाजूच्या फळीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात, जिथे कोणाचं लक्ष जाणार नाही तिथे, स्पिरिटमध्ये (अल्कोहोलमध्ये) जेमतेम भिजवलेला कापसाचा बोळा दहा सेकंद टेकवा. चिकट झालं तर चपडा. काहीच झालं नाही तर नंतरचं कुठलं तरी वार्निश. पण दोन्ही बाबतींत पुढचं काम सारखंच.

आधी मऊ ब्रशनं धूळ. मग मिनरल स्पिरिट्स (पेट्रोलियमपासूनचं द्रावक, वरचं स्पिरिट नव्हे) सुती कापडावर घेऊन तळहाताएवढा भाग पुसायचा, कापड काळं झालं की बदलायचं. जुनं मेण, तेलकटपणा, धूर यानंच निघतो आणि चपड्याला याचा त्रास होत नाही. खिडक्या उघड्या ठेवा आणि ती कापडं बाहेर पसरून वाळवा. तरी मळ राहिला तर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब, कापड घट्ट पिळून, आणि लगेच कोरडं पुसणं. सुटलेल्या व्हिनियरजवळ पाणी नको. शेवटी घट्ट पेस्ट मेणाचा अगदी पातळ हात, पंधरा-वीस मिनिटांनी कापडानं घासून चमक. वर्षातून एकदा पुरे. लिंबाच्या वासाचं तेल, सिलिकॉनचे फवारे आणि जवसाचं तेल-टर्पेंटाइन-व्हिनेगरचं ते घरगुती मिश्रण यांना हात लावू नका. जवसाचं तेल सुकून काळसर, न निघणारा थर होतो. पाण्याची पांढरी वर्तुळं बहुधा वरच्या पॉलिशमध्येच असतात आणि मेणानं पुष्कळ फिकी होतात. काळे डाग लाकडात उतरलेले असतात, ते राहू द्या.

सुटलेला कोपरा चिकटवायला फेविकॉलच्या जातीचा पांढरा गोंद वापरू नका. मूळ जोड सरसाचा आहे. सरस गरम पाण्यानं परत सुटतो, म्हणून पुढच्या माणसाला दुरुस्ती करता येते. पांढरा गोंद एकदा मुरला की त्यावर सरस धरत नाही. सरसाचे दाणे एक भाग, पाणी दोन भाग, चार-पाच तास भिजवा आणि गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. ६५ च्या वर गेला की त्याची पकड कमी होते. कोपऱ्याखालची धूळ पातळ ब्रशनं काढा. जुना सरस खरवडू नका, कोमट ओल्या ब्रशनं तो फुलवा. पातळ सुरीनं नवा सरस आत सारा, वर मेणकागद, त्यावर पुढच्या फळीच्या फुगवट्याशी जुळेल असा तापवलेला लाकडी तुकडा किंवा वाळूची पिशवी, आणि क्लॅम्प. सपाट फळी दाबली तर मधे दाब पडतो आणि कडा उघड्याच राहतात. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. बाहेर आलेला सरस लगेच ओल्या कापडानं पुसून २४ तास हलवू नका. सरस जनावराच्या कातड्याचा असतो. देवांच्या जागेसाठी घरात कोणाला ते खटकत असेल तर आधी बोलून घ्या, पण कपाटात मुळापासून तोच आहे हेही सांगा.

गणपती बसवायला हरकत काहीच नाही. निरांजन, समई, तीर्थाचं भांडं, ओली फुलं यांतलं काहीही थेट लाकडावर नको. खाली फेल्ट लावलेला पाट ठेवा, त्यावर धातूचं ताट. गरम तळाच्या निरांजनानं चपडा लगेच मऊ होतो, आणि सांडलेलं तूप जडावाच्या रेघेत शिरतं. हळद-कुंकवाचा डाग फिकट रेघेवर कायमचा बसतो. हिवाळ्यात बोस्टनची घरं तापवल्यावर आतली हवा फार कोरडी होते आणि व्हिनियर सुटायचा तोच मोसम. आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असं बघा, पंधरा डॉलरचं आर्द्रतामापक त्याच खोलीत ठेवा, आणि कपाट रेडिएटर किंवा गरम हवेच्या झरोक्यापासून निदान तीन फूट लांब.

घ्यायचं ठरलं तर आणताना: खण काढून वेगळे न्या, प्रत्येकावर क्रमांकाची चिठ्ठी आत ठेवा. कपाट दोघांनी, खालच्या चौकटीखाली हात घालून उचलायचं. वरच्या फळीला धरून उचललं तर ती उखडते, आणि जमिनीवरून ओढलं तर पहिला फटका पायांना बसतो. गाडीत ते पाठीवर आडवं, खाली जाड गाद्या. पांघरुणं दोरीनं बांधा, चिकटपट्टी लाकडाला कुठेही लागू देऊ नका: काढताना ती पॉलिशसकट व्हिनियरचा तुकडा घेऊन येते.